अँड्रॉइड स्टुडिओ, ८ जीबी रॅम आणि मराठीत ठेवलेला फोन

अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे अँड्रॉइड फोनची ॲप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्या लॅपटॉपची रॅम विचारते. डाउनलोडला पैसे पडत नाहीत हे खरं. पण पुढं रॅम, एसएसडी आणि मोबाइल डेटा यांच्या रूपानं तो हप्त्याहप्त्यानं वसुली करतो. तरीही रोज सकाळी मी तोच उघडते आणि कुणी विचारलं तर तोच घे म्हणून सांगते. त्याची कारणं खाली येतीलच, पण आधी थोडं रडगाणं ऐकून घ्या.

माझं काम कराडला. दूध डेअऱ्या, पतसंस्था, क्लासवाले, एखादे खतांचे दुकानदार अशी गिऱ्हाइकं. नवं ॲप करायला क्वचित मिळतं, धंदा मुख्यतः दुरुस्तीचा. ज्यानं ॲप केलं तो मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी लागून गेलेला असतो, फोन उचलत नाही, आणि प्रोजेक्ट झिप करून पेनड्राइव्हवर माझ्याकडे येतो. कधी कधी सायनिंगच्या किल्लीशिवाय, म्हणजे ॲपवर मालकाची डिजिटल सही करणाऱ्या फाइलीशिवाय. म्हणजे कोऱ्या प्रोजेक्टवर स्टुडिओ किती सुरेख चालतो हे सांगायला मी योग्य माणूस नाही. दुसऱ्यानं अर्धवट टाकलेल्या संसारावर तो कसा चालतो, ते मला विचारा.

तर रॅम. गूगलच्या अधिकृत अटींमध्ये नुसत्या स्टुडिओला किमान ८ जीबी आणि एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा खोटा फोन) धरून १६ जीबी रॅम लिहिली आहे. ८ वर तो उघडतो, चालतो, पण शेजारी दुसरं काही चालवायची सोय उरत नाही. याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. स्टुडिओ जेटब्रेन्सच्या इंटेलिजे आयडियावर उभा आहे, म्हणजे तो स्वतःच एक भलामोठा जावा प्रोग्रॅम. बिल्ड दाबलं, म्हणजे कोडचं ॲप बांधायला सांगितलं, की ते बांधकाम करणाऱ्या ग्रेडलचा डिमन (मागं चालत राहणारा भाग) हा दुसरा जावा प्रोग्रॅम जागा होतो. प्रोजेक्ट कॉटलिन भाषेत असेल तर त्याच्या कंपायलरचा डिमन हा तिसरा. त्यात क्रोम उघडा असला की पंखा घरघरायला लागतो आणि माउस अडखळत चालतो.

इथं दोन एरर येतात आणि लोक दोन्हींना एकच औषध देतात. 'जावा हीप स्पेस' किंवा 'जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड' आलं तर ग्रेडलला दिलेली मेमरी कमी पडली आहे. ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज फाइलीत जेव्हीएम आर्ग्जची ओळ असते, तिथला एक्सएमएक्सचा आकडा वाढवायचा. पण 'ग्रेडल बिल्ड डिमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली' आलं तर बहुधा उलटं झालेलं असतं. ग्रेडलनं इतकी मेमरी घेतली की मशीनलाच उरली नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिमनं त्याला मध्येच मारून टाकलं. तिथं आकडा कमी करायचा. यूट्यूबवर बघून ४०९६ एमबी लिहिणारे ८ जीबीच्या मशीनवर आगीतून फुफाट्यात पडतात. मी २०४८ वर ठेवते आणि दूध डेअरीच्या आकाराच्या ॲपला ते भरपूर होतं. शिवाय काम संपल्यावरही डिमन तीन तास मेमरी धरून बसलेला असतो. पुढचं बिल्ड लवकर व्हावं म्हणून ग्रेडलनं केलेली ती सोयच आहे, पण मध्येच झूमवर मीटिंग असली की टर्मिनलमध्ये 'ग्रेडल-डब्ल्यू'ला स्टॉप सांगून त्याला घरी पाठवावं लागतं.

खरी परीक्षा जुना प्रोजेक्ट उघडताना. निम्म्या लोकांची गाडी ग्रेडल सिंकवरच (ग्रेडल प्रोजेक्टची जुळणी वाचून घेतं तिथंच) अडते, आणि समोर येतं 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. याचा तुमच्या कोडमधल्या क्लासशी काही संबंध नाही. ६५ मधून ४४ वजा करा, २१ उरतात. म्हणजे ग्रेडल जावा २१ वर चालवायचा प्रयत्न झाला, आणि प्रोजेक्टमधलं ग्रेडल त्या जावाच्या आधीच्या जमान्यातलं आहे. आकडा ६१ असेल तर जावा १७. स्टुडिओच्या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं प्राण्यांची नावं असतात. फ्लेमिंगोपासून स्टुडिओसोबत जावा १७ येऊ लागला, लेडीबगपासून २१. नवा स्टुडिओ टाकला, जुना प्रोजेक्ट उघडला, की हा आकडा ठरलेला. जावा २१ वर चालायला ग्रेडल किमान ८.५ लागतं.

यावर दोन रस्ते. एक म्हणजे प्रोजेक्टचं ग्रेडल वर न्यायचं. दुसरा म्हणजे सेटिंग्जमध्ये बिल्ड टूल्सखाली 'ग्रेडल जेडीके' नावाची खिडकी आहे, तिथं त्या प्रोजेक्टपुरता जुना जावा निवडायचा. दुरुस्तीच्या कामात मी आधी दुसराच रस्ता धरते. ॲप जसं आहे तसं एकदा तरी बिल्ड होऊन फोनवर उघडलं पाहिजे. त्याशिवाय सुधारणेला हात लावायचा नाही, नाहीतर नंतर मोडतोड आधीपासूनची होती की आपण केली तेच कळत नाही. एकदा चाललं की मग टूल्स मेनूतला 'एजीपी अपग्रेड असिस्टंट' उघडायचा. एजीपी म्हणजे अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन, ग्रेडलला अँड्रॉइडचं ॲप बांधायला शिकवणारा जोड. स्टुडिओतल्या ज्या गोष्टींचं कौतुक कमी होतं त्यातली ही एक. कोणती फाइल कशी बदलणार ते आधी दाखवतो, पायरीपायरीनं नेतो, नको असलेली पायरी सोडू देतो. फक्त ७ वरून एकदम नव्यातल्या नव्या आवृत्तीवर उडी मारायचा लोभ धरू नका.

लोभ न धरताही ८ वर आलं की खड्डा असतोच. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ पासून प्रत्येक मॉड्यूलच्या बिल्ड फाइलीत 'नेमस्पेस' लिहावंच लागतं. मॅनिफेस्टमधल्या (ॲपची ओळख आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलीतल्या) पॅकेजच्या नावावर भागत नाही. स्वतःच्या कोडमध्ये एक ओळ घातली की झालं. पण एकाच कोडवरून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणाऱ्या फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हच्या प्रोजेक्टमध्ये कुणीतरी वर्षांपूर्वी सोडून दिलेलं एखादं प्लगिन असतं, त्यात नेमस्पेस नसतं, आणि लाल एरर मात्र तुमच्या स्क्रीनवर येते. तेव्हा ते प्लगिन अजून कुणी सांभाळतंय का ते बघायचं आणि नसेल तर बदलायचं. दुसऱ्याच्या प्लगिनला घरच्या घरी टाके घालून मी पूर्वी काम भागवायची, आता तेवढा वेळ पर्यायी प्लगिन शोधण्यात घालवते.

तशीच जेसेंटरची गोष्ट. लायब्ऱ्या, म्हणजे ॲपला लागणारा तयार कोड, जिथून उतरायचा ते हे ऑनलाइन कोठार. जेफ्रॉगनं फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या लायब्ऱ्या मेव्हन सेंट्रल या दुसऱ्या कोठारात हलल्या त्या वाचल्या. ज्यांच्या मालकांनी लक्ष दिलं नाही त्यांच्यासाठी 'कुड नॉट रिझॉल्व्ह' असं येतं आणि नवशिक्या बिचारा तासभर आपलं वायफाय तपासत बसतो. २०१८-१९ च्या आसपासचा प्रोजेक्ट असेल तर मी सगळ्यात आधी तिथंच बघते.

यातून एक सवय लावून घ्या. बिल्ड पडलं की लाल अक्षरांची भिंत उभी राहते. सगळ्यात वरची ओळ वाचून गूगल करू नका, ती बहुतेक वेळा नुसतीच 'एक्झिक्युशन फेल्ड' असते. खाली जात जात शेवटचं 'कॉज्ड बाय' गाठा. पाणी कुठं मुरतंय ते तिथं लिहिलेलं असतं. स्टुडिओ कारण लपवत नाही, पण ते सांगायची त्याची पद्धत सरकारी परिपत्रकासारखी आहे: विषय, संदर्भ, मागील पत्रव्यवहार, आणि कामाचं वाक्य तिसऱ्या पानाच्या तळाशी.

इंटरनेटबद्दल थोडक्यात. ग्रेडलचं झिप पहिल्यांदा उतरताना लाइट गेली की अर्धवट फाइल तशीच पडून राहते आणि पुढच्या वेळी झिप उघडता येत नसल्याची तक्रार येते. यूजर फोल्डरमधल्या डॉट ग्रेडलमध्ये रॅपर, त्यात डिस्ट्स, त्यातलं त्या आवृत्तीचं फोल्डर उडवायचं आणि पुन्हा सिंक करायचं. रॅपरच्या (प्रोजेक्टला ठरलेलं ग्रेडल उतरवून देणाऱ्या भागाच्या) प्रॉपर्टीज फाइलीत पत्त्याच्या शेवटी 'ऑल' असेल तर तिथं 'बिन' करा. 'ऑल'मध्ये सोर्स आणि डॉक्युमेंटेशन येतं आणि बिल्डला त्यातलं काही लागत नाही. सगळं एकदा उतरलं की ग्रेडलच्या टूल विंडोमधलं ऑफलाइन मोडचं बटण दाबून ठेवायचं. हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

विंडोजवर आपल्याकडच्या लोकांना हमखास भेटणारी आणखी एक भानगड आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाचा कुठलाच प्रोजेक्ट बिल्ड होत नव्हता, अगदी कोरा 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा. त्यानं हौसेनं प्रोजेक्टच्या फोल्डरला 'माझं पहिलं ॲप' असं देवनागरीत नाव दिलं होतं. प्रोजेक्टच्या पत्त्यात नॉन-आस्की (साध्या इंग्रजीबाहेरची) अक्षरं असली की अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन विंडोजवर तिथंच थांबतं. ते तपासणं बंद करायची एक ओळ एररमध्येच सुचवलेली असते, पण ती घालून मार्ग निघतोच असं नाही. पुढं एखादं दुसरंच टूल अडखळतं. मी सरळ सी ड्राइव्हवर 'डेव्ह' नावाचं रोमन अक्षरांतलं फोल्डर करून दिलं. आखूड नाव मुद्दाम, कारण विंडोजची पत्त्यासाठी २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजूनही आडवी येते. डेस्कटॉपवर तर प्रोजेक्ट ठेवूच नका. तिथलं सगळं आपोआप क्लाउडवर चढवणारं काहीतरी मागं चालू असतं, ते बिल्डच्या फाइली धरून ठेवतं, आणि 'क्लीन' करताना फाइल डिलीट होत नाही म्हणून बोंब होते. आणि मराठी कोड लिहिणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. कोडच्या आत, स्ट्रिंग्जमध्ये, कॉमेंटमध्ये देवनागरी खुशाल लिहा. अडचण फोल्डरच्या पत्त्यापुरतीच आहे.

एम्युलेटरवर मी फार शाई खर्च करणार नाही. ८ जीबीवर तो चालवू नका. १६ असेल तर चांगला आहे, आणि पूर्वीच्या मानानं खूपच चपळ झालाय. सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा. इंटेलच्या मशीनवर ते व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम नावानं असतं. जुने लेख हॅक्झम (एम्युलेटर वेगानं चालवणारं इंटेलचं साधन) टाकायला सांगतात, ते ऐकू नका. इंटेलनं त्याचं काम २०२३ च्या सुरुवातीला थांबवलं. विंडोज फीचर्समधलं 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म' चालू केलं की भागतं.

त्यापेक्षा खरा फोन लावा. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग. फोन दिसतच नसेल तर नव्वद टक्के दोष केबलचा, म्हणजे नुसतं चार्जिंग करणारी केबल, जिच्यात डेटाच्या तारा नसतातच. बाजारात चार्जरसोबत मिळणाऱ्या स्वस्त केबली सर्रास तशा असतात. माझ्या टेबलावर एका केबलला लाल चिकटपट्टी लावली आहे आणि ती कुणालाही उसनी मिळत नाही. फोन दिसतो पण 'अनऑथराइज्ड' म्हणतो, तेव्हा फोनच्या स्क्रीनवर परवानगीची चौकट आलेली असते आणि फोन खिशात असतो. चौकट येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधून जुन्या परवानग्या रद्द करायच्या, टर्मिनलमध्ये एडीबीचा (फोनशी बोलणाऱ्या टूलचा) सर्व्हर किल करून पुन्हा सुरू करायचा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' असा निराळा खटका असतो आणि तो चालू केल्याशिवाय ॲप चढतच नाही. अँड्रॉइड ११ पासून वायफायवरूनही जोडता येतं, क्यूआर कोड दाखवला की झालं. फक्त फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर हवेत. एकदा जोडलं की केबलचा प्रश्नच मिटतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. एका गावातल्या दूध संकलन केंद्राचं ॲप दुरुस्तीला आलं. सचिवांचा फोन होता: "मॅडम, म्हशीचं फॅट टाकलं की दर शून्य येतोय. पोराच्या मोबाइलवर बरोबर येतंय, माझ्यावरच येत नाय. मोबाइल बदलू का?" मोबाइल बदलू नका म्हटलं आणि दोन्ही फोन मागवून घेतले.

दोन्ही लावले. ॲप तेच, आवृत्ती तीच. सचिवांच्या फोनवर फॅट ६.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ९.० टाकलं की पावतीवर दर शून्य. मुलाच्या फोनवर व्यवस्थित. लॉगकॅट, म्हणजे फोनमधल्या घडामोडींच्या नोंदी, उघडलं. डॉल्फिन आवृत्तीपासून लॉगकॅटचा चेहरामोहरा बदललाय आणि शोधाच्या पट्टीत 'पॅकेज कोलन माइन' लिहिलं की फक्त आपल्या ॲपच्या ओळी राहतात. पूर्वीच्या गर्दीच्या मानानं हे फार सुखाचं आहे. पण त्यात एकही एरर नाही. ॲप पडत नव्हतं, मुकाट चुकीचं उत्तर देत होतं. दुरुस्तीच्या धंद्यात ही सगळ्यात वाईट जात.

उत्तर दिलं लिंटनं, म्हणजे स्टुडिओतल्या कोड तपासणाऱ्या टूलनं. कोड मेनूतून 'इन्स्पेक्ट कोड' चालवलं की तो सगळा प्रोजेक्ट चाळून शंकांची यादी देतो. न वापरलेल्या फाइली, जुनी फंक्शनं, नवी आवृत्ती आलेल्या लायब्ऱ्या असा पिवळ्या इशाऱ्यांचा ढीग लागला, आणि त्या ढिगात एक होता: डिफॉल्ट लोकॅल (फोनच्या भाषेची आणि प्रदेशाची निवड) गृहीत धरलाय, यातून हमखास बग येतात. बोट होतं स्ट्रिंग डॉट फॉरमॅटच्या एका ओळीवर.

झालं होतं असं. मूळ कोडमध्ये फॅटचा आकडा एका दशांशापर्यंत गोल करून त्याचा मजकूर बनवला होता, आणि पुढच्या स्क्रीनवर तोच मजकूर पुन्हा आकडा करून दरपत्रकात शोधला होता. फॉरमॅट करताना कुठल्या भाषेच्या पद्धतीनं ते सांगितलं नाही की अँड्रॉइड फोनची भाषा धरतो. सचिवांचा फोन मराठीत, पोराचा इंग्रजीत. मराठी लोकॅलचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत, त्यामुळं मजकूर झाला देवनागरीतला '६.५'. तो परत वाचताना 'टू डबल ऑर नल' वापरलं होतं. कॉटलिनच्या डबलला देवनागरी आकडे वाचता येत नाहीत, म्हणून आलं नल (काहीच नाही), आणि नल आलं तर शून्य धरा असं पुढं लिहून ठेवलेलं. क्रॅश होऊ नये म्हणून घेतलेली काळजीच नडली. क्रॅश झाला असता तर लॉगकॅटमध्ये 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन' पहिल्याच झटक्यात दिसलं असतं.

गंमत पुढं आहे. त्याच स्क्रीनवर सभासद क्रमांकही तसाच देवनागरीत जात होता, पण तो नीट चालत होता. कारण जावाचं पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी आकडे ओळखतं, दशांशाचं ओळखत नाही. आणि फोन हिंदीत केला तर सगळंच बरोबर, कारण हिंदी लोकॅलचे ठरलेले आकडे इंग्रजी (1, 2, 3) आहेत. म्हणजे ज्यानं हिंदीत तपासून 'भारतीय भाषांत चालतं' असा शिक्का मारला असता, त्याच्याही हाती हा बग लागला नसता. नेमका मराठीत ठेवलेला फोनच हवा होता.

तारखांचंही तेच निघालं. सिंपल डेट फॉरमॅटला लोकॅल दिलेला नव्हता, त्यामुळं एकाच डेटाबेसमध्ये काही तारखा इंग्रजी आकड्यांत आणि काही देवनागरीत साठल्या होत्या. देवनागरी आकडे युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीच्या) क्रमात इंग्रजी आकड्यांच्या बरेच नंतर येतात, म्हणून मजकुराची तुलना करताना त्या नोंदी दहा दिवसांच्या बिलाच्या तारखांमध्ये बसतच नव्हत्या. उत्पादकाचं दूध मापात होतं, बिलात नव्हतं. दुरुस्ती साधी: जे साठवायचं, पाठवायचं, पुन्हा वाचायचं, तिथं लोकॅल रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचा नसलेला लोकॅल. जे पावतीवर माणसाला दाखवायचं तिथं फोनची भाषा. सचिवांना पावती देवनागरी आकड्यांतच हवी होती, ती तशीच ठेवली.

यासाठी लिंटला माझ्याकडून पैकीच्या पैकी. पण तक्रारही आहे. इतकी महत्त्वाची सूचना पिवळ्या रंगात येते आणि पिवळ्याकडं कुणी बघत नाही. उपाय हातात आहे. बिल्ड फाइलीतल्या लिंटच्या खणात 'डिफॉल्ट लोकॅल'ला एररच्या यादीत टाका, म्हणजे लिंट चालवला की तो तिथंच अडवतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मी पहिल्या दिवशी हे करते. मराठीसाठी ॲप करणाऱ्यांनी यातून सूट घेऊ नये.

डिझाइनच्या प्रिव्ह्यूमध्येही लोकॅल मराठी ठेवता येतो, कोडमधूनच स्क्रीन मांडणाऱ्या कंपोजच्या प्रिव्ह्यूलाही 'एमआर' सांगता येतं. तसं केलं की 'नोंदणी पूर्ण करा' बटणात मावत नाही हे फोनवर चढवण्याआधी दिसतं. आणि इंग्रजीला पुरेल इतकी ओळीची उंची घट्ट बांधली असेल तर 'र्कीं'सारख्या अक्षराची वेलांटी, रफार आणि अनुस्वार वरून छाटले जातात. ओळीची उंची सैल सोडा.

रिलीजच्या वेळचे घोळ निराळे. डीबगमध्ये (तपासणीच्या बिल्डमध्ये) चाललेलं ॲप रिलीजमध्ये (गिऱ्हाइकाला द्यायच्या बिल्डमध्ये) पडलं तर संशय आधी आर-एट वर घ्यायचा. तो न वापरलेला कोड कापतो आणि नावं आखूड करतो. सर्व्हरकडून येणाऱ्या डेटातल्या (जेसनमधल्या) नावांशी क्लासमधली नावं जुळवणारी लायब्ररी असेल तर नावंच बदलल्यामुळं सगळे रकाने रिकामे येतात. ही नावं तशीच ठेव असं सांगणारे कीप रूल लिहायचे, आणि प्रत्येक रिलीजची 'मॅपिंग' फाइल (मूळ आणि बदललेल्या नावांची यादी) जपून ठेवायची, नाहीतर नंतरचा क्रॅश रिपोर्ट वाचता येत नाही. फ्लटरवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: फ्लटरच्या कोऱ्या प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी फक्त डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये असते, मुख्यमध्ये नसते. त्यामुळं ऑफिसात सगळं चालतं आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर ॲप नेटच नाही म्हणतं. एका ओळीचं काम आहे, पण माहीत नसेल तर रात्र जाते.

प्ले स्टोअर स्टुडिओच्या बाहेरचं, तरी सांगते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. गिऱ्हाइकाला 'परवा ॲप देते' असं सांगण्याआधी हे धरा. गावात बारा जीमेल पत्ते गोळा करणं अवघड नाही. त्या बारा जणांनी मधूनच ॲप सोडून जाऊ नये, हे पटवणं अवघड आहे. सचिवांनी दूध घालायला येणाऱ्या पोरांनाच कामाला लावलं.

स्टुडिओतल्या जेमिनीबद्दल, म्हणजे गूगलच्या एआयबद्दल, लोक विचारतात. एररचा अर्थ समजून घ्यायला तो बरा आहे, विशेषतः ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांना. त्यानं सुचवलेला आवृत्तीचा आकडा मात्र रिलीज नोट्समध्ये पडताळल्याशिवाय बिल्ड फाइलीत घालू नका.

कुणी घ्यावा? नेटिव्ह, म्हणजे थेट अँड्रॉइडसाठीच, काम करणाऱ्याला दुसरा पर्याय मनापासून सुचवता येत नाही. नुसतं फ्लटर करायचं आणि मशीन दुबळं असेल तर व्हीएस कोडमध्ये लिहा. एसडीके (ॲप बांधायचा साधनसंच), लिंट, एपीके (तयार ॲपची फाइल) चाळायचा ॲनालायझर यांच्यापुरता स्टुडिओ टाकून ठेवा आणि अडलं की उघडा. पाचपैकी चार. कापलेला एक गुण जुन्या प्रोजेक्टला पहिल्यांदा सिंक करताना होणाऱ्या दमछाकीचा.

आयफोनचं विचारू नका. आयफोनची ॲप बनवायच्या एक्सकोडला मॅक लागतो आणि तो माझ्याकडे नाही. त्या डेअरीच्या संचालकांत एकाकडंच आयफोन आहे, त्यांना ब्राउझरमध्ये उघडणारं पान करून दिलंय. रोजचं लिटर, फॅट आणि दर एवढंच त्यांना बघायचं असतं, आणि ते त्यात दिसतं.